हॉटेल गडगडाट

दि. ४ मार्च, रविवार

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी मोजे धुताना तुझी आठवण झाली. नन्सच्या शाळेत शनिवारी दुपारी आपण दोघी त्या लांबलचक दगडी हौदापाशी उभ्या राहून पांढरे मोजे घासायचो. तुझा हात पाण्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तू माझ्या बुटांवर चढून उभी राहायचीस. शेवटी तुझेही मोजे मीच धुवायचे आणि बदल्यात तू मला गोष्ट सांगायचीस. दर शनिवारी तीच गोष्ट, फक्त राजकन्येच्या केसांचा रंग वेगळा.

रविवारी पत्र लिहायची सवय सिस्टरांनी लावली ती आपली अजून सुटली नाही. घरात फोन आहे, पण एक्सचेंजमध्ये इतकी वर्षं ऑपरेटर म्हणून काढल्यावर फोनवर मला अजून ड्यूटीवर असल्यासारखं वाटतं. तीन मिनिटं झाली की हात आपोआप प्लग काढायला जातो. गुडघा बरा आहे. लंबू चाळिशीला आला, आता केस काळे करतो म्हणे. मी त्याला म्हटलं, आधी ते नीट विंचर.

आता खरं काय ते लिहिते. मंगळवारी राणी आली होती. मुलींना शाळेत सोडून परस्पर आली, चहाही नको म्हणाली. पिशवीतून एका साप्ताहिकाचं पान काढून तिने माझ्यापुढे ठेवलं. ‘हसरं घर, हलका खर्च’ नावाचं सदर, लेखिकेचं नाव नुसतंच ‘एक सुखी आई’. म्हणाली, आई, चौदावी युक्ती वाच.

चौदावी युक्ती म्हणजे आपलं हॉटेल गडगडाट. ह्यांचा पेन्सिलींचा कारखाना अकरा महिने बंद होता, त्या वर्षी मी ते काढलं होतं. पेन्सिलींच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं मेनूकार्ड, त्यावर वळणदार अक्षरात बारा पदार्थ. खांद्यावर नॅपकिन टाकून मी वेटर. मुलं ऐटीत राजाचं सूप मागायची, भाजलेली कोंबडी मागायची, आणि मी आत जाऊन पडेल चेहऱ्याने बाहेर यायचे की साहेब, आत्ताच संपलं. शेवटी उरायचे ते उकडलेले बटाटे आणि पाव. राणी टेबलावर चमचा आपटून वेटरला झापायची, लंबू मॅनेजरकडे तक्रार करायचा. मॅनेजर म्हणजे हे. ते मला रोज नोकरीवरून काढून टाकायचे आणि रोज परत घ्यायचे. हसून हसून मुलांच्या डोळ्यांत पाणी यायचं. लहानपणाचं काही सांग म्हटलं की दोघंही अजून हेच सांगतात.

वेटर टेबलाशी जेवायला बसत नसतो, हे कुणालाच खटकलं नाही. ते मी एकाच माणसाला लिहिलं होतं, एक्सचेंजच्या जेवणाच्या सुट्टीत, वापरलेल्या कागदाच्या पाठीवर. ते माझं वाक्य जसंच्या तसं छापलेलं आहे. ‘वेटर होण्यात एक सोय असते. वेटर जेवला का, असं कुणी विचारत नाही.’ आणि त्याखाली ठळक अक्षरात, ‘महिनाअखेरीला एक ताट सहज वाचतं. करून पाहा!’

राणीने विचारलं, तू काय खायचीस तेव्हा. मी म्हटलं, आत काहीबाही असायचंच. ती म्हणाली, आई, आता तरी थापा मारू नकोस, छापून आलंय. पान घडी घालून पिशवीत ठेवलं आणि गेली.

चिमे, हे तू लिहीत नाहीस, एवढं मला लिहून पाठव. कपाटातून पत्रं चोरीला गेली म्हण, कुणा मैत्रिणीला बोलून गेलीस म्हण. काहीही म्हण. माझा विश्वास बसेल, तशी मला सवय आहे.

तुझ्या लोभावर विसंबून,
ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो बाई, मीच ती सुखी आई! तुझ्या वाढदिवसाला छापील पुस्तक हातात ठेवून तुला चकित करणार होते. राणीने सगळा विचका केला. लहानपणापासून चोंबडी ती चोंबडीच.

शाळेतून निवृत्त झाले आणि दिवस खायला उठला. साप्ताहिकाच्या संपादकबाई ओळखीच्या. त्यांना काटकसरीने संसार चालवणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आईचं सदर हवं होतं. आता मला कुठली मुलं आणि कुठला संसार. एक खोली, एक खुर्ची, एक ताट. पण माझ्याकडे तुझी पत्रं होती, ताई. भावोजींच्या जुन्या कोटातून तू राणीचा शाळेचा कोट कसा काढलास, ड्यूटीवर जाण्याआधी आठवड्याची भाजी कशी चिरून ठेवायचीस, लंबूला भांडी घासायला कशी पैज लावायचीस. आठवडाभर मी वाट बघायचे. तुझं पत्र आलं की तेवढा वेळ मी तुझ्या घरात राहायचे. मला लिहिण्यासारखं दुसरं घर नव्हतं.

नाव कुणाचंही घातलेलं नाही. आणि तू तरी हसत हसतच लिहिलं होतंस ना? बायकांची किती पत्रं येतात म्हणून सांगू! एका नर्सने लिहिलंय की तिच्या मुलांना हॉटेलचा खेळ इतका आवडलाय की ती रोज मागतात. अशा किती घरांत तू हसू नेलंस, ते बघ की.

प्रकाशकांना महिनाअखेरीला सगळं हवं आहे. एकूण चाळीस युक्त्या. राणीला म्हणावं, मावशीवर फुगू नकोस, पहिली प्रत तुलाच.

राग आला असेल तर दोन दिवसांत काढून टाक, लोभ तेवढा ठेव.

तुझी,
चिमी


दि. १८ मार्च

चि. चिमीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहायला बसले आणि फाडलं. मग गुरुवारी न कळवता राणीकडे गेले. मुलींना सुट्टी होती, दुपारची वेळ होती, दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मुलींचा आरडाओरडा ऐकू येत होता. धाकटी नात वेटरला दम देत होती की केक आणला नाहीस तर पोलिसांना बोलावीन. आणि वेटर, खांद्यावर नॅपकिन, हात जोडून उभा. माझी राणी.

मी सरळ आत गेले आणि ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उचललं. पातेलं खरवडून रिकामं केलेलं होतं.

तिने आधी ताकास तूर लागू दिली नाही. म्हणे सकाळीच भरपेट खाल्लंय, म्हणे वजन उतरवायचंय. मी तिची आई आहे, हे सगळं मी तिच्या आधी बोलून झालेलं आहे. शेवटी कळलं की जावयांच्या छापखान्यात काम आठवड्याला तीनच दिवस उरलंय. हिवाळ्यापासून असंच चाललंय. मला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. चणचण आली तेव्हा तिला लहानपणीचं हॉटेल आठवलं. त्या वर्षी आपण किती मजेत होतो, असं तिला वाटलं आणि तिने पुठ्ठा कापला. वेटरची सोय कसली असते ते तिला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. मला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली. मग तुझं पान आलं.

तिच्या फडताळाच्या दाराला आतून कात्रणं चिकटवलेली आहेत, चिमे. तुझ्या पहिल्या तेरा युक्त्या. कोण लिहितंय हे तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, कुणाचीतरी मावशी, काकू असेल बाई, पण ती सगळं हसत करते, मग मलाच का चक्कर येते, असं वाटायचं. स्वतःचाच राग यायचा म्हणाली.

तू लिहितेस मी हसत लिहिलं होतं. हो, हसतच लिहिलं होतं. सरळ हात पसरायला मला कधी जमलं नाही. घरात कुणाला सांगायचं नव्हतं, ह्यांना तर मुळीच नाही. ह्यांना खरंच कळलं नाही की कळूनच ते मॅनेजर झाले, हे विचारायला आता ते नाहीत. तेव्हा मी तुला लिहिलं. वेटर जेवला का असं कुणी विचारत नाही, असं लिहिलं, म्हणजे निदान तू तरी विचारशील. तुझं उत्तर मी परवा काढून पाहिलं. तू लिहिलं होतंस, ताई, हॉटेलची कल्पना किती गोड आहे!

आणि आता तीस वर्षांनी तू तीच कल्पना बायकांना शिकवते आहेस, करून पाहा म्हणून. त्या नर्सची मुलं रोज खेळ मागतात ना? मग ती नर्स ड्यूटीवरून येऊन रोज काय खाते, हे तिला विचारलंस का?

माझी पत्रं परत हवीत. आणि ते पुस्तक निघता कामा नये.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

ताई


दि. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

प्रकाशकांकडे जाऊन आले. पुस्तक निघणार नाही. संपादकबाईंना सदर बंद करते म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, वाचक काय म्हणतील. मी म्हटलं, सुखी आई आजारी आहे.

तू एक गोष्ट विचारलेली नाहीस, पण विचारली आहेस असं समजून लिहिते. तुझं ते पत्र वाचलं तेव्हा मला कळलं होतं. दोनदा वाचलं होतं मी. त्या उन्हाळ्यात शाळेतल्या बाईंबरोबर डोंगरावर फिरायला जायचं ठरलं होतं. मी आयुष्यात कुठे गेले नव्हते. ते रद्द करून तुझ्याकडे यावं लागेल, हे मला पत्र खाली ठेवता ठेवता दिसलं. म्हणून मी ‘गोड’ असं लिहिलं. एकदा गोड म्हटल्यावर मग मलाही ते गोडच वाटायला लागलं. इतकं की पुढे छापलं.

डोंगरावर चारही दिवस धुकं होतं. काहीसुद्धा दिसलं नाही.

पत्रं बांधून ठेवली आहेत. तू सांगशील तिथे पाठवते. लोभ मागत नाही.

चिमी


दि. २ एप्रिल

चि. चिमीस,
आशीर्वाद. ते मोठ्या बहिणीने द्यायचेच असतात, म्हणून.

तू खरं लिहिलंस, ते मला छापलेल्यापेक्षा जास्त लागलं. तुला कळलं नसेल, असं मी तीस वर्षं धरून चालले होते. त्या समजुतीवर मी तुला पुढची हजारभर पत्रं लिहिली. तुला क्षमा केली का, असं राणीने विचारलं. मी तिला म्हटलं, मला अजून माहीत नाही, आणि घाईही नाही.

राणीकडचं सांगते. रोज दुपारी मी तिच्याकडे जेवायला जाते. माझ्याकडचं जे असेल ते डब्यात घेऊन जाते. हॉटेल बंद करायला मुली तयार होईनात, म्हणून आम्ही नियम बदलला. वेटर आधी बसतो. पातेलं तेवढंच आहे, पण ताटं पाच मांडतो, आणि प्रत्येकाच्या ताटात थोडं थोडं कमी पडतं. धाकटीने तक्रार केली की आधी जास्त मिळायचं. थोरलीने तिला गप्प बसवलं. तिला काय समजलं ते मी विचारलं नाही. जावई जेवताना मान वर करत नाहीत, पण परवा त्यांनी आपल्या ताटातला बटाटा राणीच्या ताटात टाकला, तिने तो परत टाकला, आणि शेवटी तो मी खाल्ला.

आता पत्रांचं. मला नकोत. घरात आली तर मी वाचत बसेन, आणि त्यातली बाई तुझ्यावर इतका जीव टाकते की मला ते बघवणार नाही. तेव्हा मी लिहिते तसं कर.

कारखाना बंद होता त्या वर्षाची सगळी राणीला पाठव. हॉटेलचं पत्र वेगळ्या लिफाफ्यात घाल. त्यावर तू काही लिहायचं नाहीस.

लंबूच्या शाळेच्या वर्षांची लंबूला. तो नापास झाला तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन हसले होते, ते पत्रही दे. ह्यांच्याबद्दल जिथे कडवट लिहिलंय ती पत्रं गाळू नकोस. मुलं आता मोठी आहेत, त्यांना बाप आणि आई दोघंही पुरती मिळू देत.

त्या नर्सला तू स्वतःच्या हाताने पत्र लिही, स्वतःच्या नावाने. खेळातली वेटर उपाशी होती, असं सरळ लिही. बाकी ज्या ज्या बायकांनी पत्ते दिले असतील त्यांनाही. संपादकबाईंना आणि प्रकाशकांना काही द्यायचं नाही, कात्रणसुद्धा नाही.

लंबूच्या जन्माआधीची थोडी असतील, ती तू ठेवून घे. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आणि तुझी पत्रं. ती माझ्याकडे आहेत, वर्षवार, दोरीने बांधून. तुझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांबद्दल तू लिहिलेली सातही त्यात आहेत. छापली असती तर हातोहात खपली असती. ती कुणालाही द्यायची नाहीत. माझ्यामागे त्यांचा गठ्ठा तसाच जाळायचा, दोरी सोडायची नाही, असं मी राणीला सांगून ठेवलं आहे. ती सोडणार नाही. तिच्यावर माझा विश्वास आहे.

ताई