मॅडमच्या दातांची पडताळणी

४ फेब्रुवारी, मंगळवार
प्राण्यांच्या संस्थेतून कुत्री आणली. मुलीचा हट्ट. तिचं म्हणणं, आई गेल्यापासून घरात कोणी बोलत नाही. मी म्हटलं, मी आहे ना. ती म्हणाली, बाबा, तेच म्हणतेय मी.
कुत्री तपकिरी. एक कान पडलेला. घरात आल्याबरोबर पलंगाखाली गेली. माझ्या बाजूने नाही, हिच्या बाजूने.
व्यवस्था तात्पुरती. २३ तारखेला संस्थेच्या बाई पाहायला येणार. सगळं ठीक असेल तर कुत्री राहील, नाहीतर परत. माझा आग्रह काहीच नाही. म्हणून नावही ठेवलेलं नाही. तूर्त मॅडम.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मॅडम बाहेर आल्या. माझा पायमोजा घेऊन परत गेल्या. म्हणजे खेळण्याची इच्छा आहे. दुपारी दोरी दाखवली. दोरी सोडून हाताला चावल्या.
बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आधीच्या घरातून ती ह्याच कारणाने परत आली. भेदरलेली आहे, खेळताना जोराचा अंदाज राहत नाही. चावली की लगेच आई गं म्हणून ओरडा आणि खेळ थांबवा, आपोआप कळेल तिला.
वजनमाप खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ओरडायला सांगणं बरोबर नाही. दुकानदाराचा काटा कितीही खोटा निघाला तरी निरीक्षकाच्या चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. आमच्याकडे हेच आधी शिकवत. मॅडमना मी शास्त्रीय पद्धतीने शिकवणार. २३ पर्यंत भरपूर वेळ आहे.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
चाव्यांच्या श्रेणी ठरवल्या. शून्य: नुसते ओठ. एक: दात लागले. दोन: वळ. तीन: टिंक्चर. प्रत्येक वेळी शांत आवाजात मॅडमना श्रेणी सांगायची, म्हणजे त्या आपणहून सुधारणा करतील.
आज दोन, दोन, तीन. मॅडम लक्ष देऊन ऐकतात. 'तीन' ऐकून शेपूट हलवली. आकलन चांगलं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार
समोरच्या वहिनी वर्तमानपत्र मागायला आल्या. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, भावोजी, भाजी चिरता की हात. म्हटलं, विशेष काही नाही.
बेल वाजल्यामुळे मॅडम संध्याकाळपर्यंत पलंगाखाली. बेलच्या बटणावर चिकटपट्टी लावली. आता लोक दार वाजवतील.

११ फेब्रुवारी
लोकांनी दार वाजवलं. मॅडम बाथरूममध्ये. तरी पलंगापेक्षा बाथरूम दाराला जवळ आहे. प्रगती म्हणायला हरकत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
स्कूटरचे जुने हातमोजे सापडले. ते घालून खेळलो. दिवसभरात एकही तीन नाही. दोनसुद्धा नाही. मॅडम अगदी मन लावून, दोन्ही जबड्यांनी खेळल्या.
मुलीला फोनवर सांगितलं, प्रश्न सुटला. ती म्हणाली, बाबा, मग हातमोजे तिच्या दातांना घालायचे ना. हा खवचटपणा तिला आईकडून आला आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
हातमोजे काढून खेळलो. नोंद: सगळे तीन.
टिंक्चर संपलं. मेडिकलवाला म्हणाला, काका, खोकाच देऊन टाकू का.
विचारांती असं लक्षात आलं की दोष पद्धतीत नाही. श्रेणी जास्त झाल्या. 'एक' रद्द केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार
ओरडून पाहायचं ठरवलं. केवळ तुलनेसाठी. मॅडमच्या समोर जमेना, म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून सराव केला. पहिलं आई गं लिफ्टमध्ये कुणाला कितवा मजला विचारावं तसं निघालं. दुसरं त्यापेक्षा बरं.
लगेच वहिनींनी दार वाजवलं. भावोजी, पडलात का. म्हटलं, नाही. मग ओरडलात का. म्हटलं, ओरडलो नाही. त्या म्हणाल्या, बायकोच्या माघारी तुम्ही नीट ओरडतसुद्धा नाही. सुप्रभात म्हटलं. दुपार होती.
मॅडम पलंगाखाली. समजूत घालायला मीही आत सरकलो. बाहेर येताना पाठ धरली, म्हणून थोडं थांबलो. मॅडमनी नाक माझ्या कोपराला लावून ठेवलं. शून्य. पण हे खेळात धरता येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
उद्याची तयारी. मॅडमना आंघोळ घातली. नंतर मीही केली, करावीच लागली. बाईंना टिंक्चर दिसू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट. हात शक्यतो खिशात. मॅडमना सगळ्या सूचना दिल्या.
नेली तर नेली. मला फरक पडत नाही. बाजारातून तिच्या खाण्याचं पोतं आणलं. मोठं. छोटी पोती फाटतात.

२३ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
बाई आल्या. खुर्ची दिली तर जमिनीवरच बसल्या आणि दोरी टाकून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. मॅडम सरपटत बाहेर आल्या. खेळ रंगला. दात लागल्याबरोबर बाई कळवळून आई गं म्हणाल्या. मॅडम जागच्या जागी थांबल्या. हात चाटला. पुढच्या वेळी असा धरला की अंडं फुटलं नसतं.
मी बाईंना सांगितलं, गेले काही आठवडे मी ह्यावर काम करतो आहे. त्या म्हणाल्या, छान, मग आता तुम्ही खेळा काका.
तीन. मी तसं सांगितलं.
बाईंनी विचारलं, तीन काय. म्हटलं, श्रेणी. त्या म्हणाल्या, काका, रक्त येतंय. म्हटलं, हो. दुखतंय का? म्हटलं, विशेष नाही.
बाईंनी माझा हात धरून पाहिला. मग म्हणाल्या, तिला वाटतंय तुमचा हात लाकडाचा आहे. तिची काही चूक नाही, मलाही तसंच वाटलं असतं.
निकाल: मॅडम पास. मी नापास. पुढच्या रविवारी फेरतपासणी, माझी. तोवर जमलं नाही तर मॅडमसाठी दुसरं घर बघावं लागेल. ती आधीच घाबरट, तिला समोरच्याचा अंदाज यायला हवा, असं बाई म्हणाल्या. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो. बोलायचं होतं. रिक्षा कुठे मिळते ते सांगितलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी मॅडम दोरी घेऊन आल्या. तयारीत होतो. त्या नेमक्या कालच्या जखमेवर चावल्या. 'तीन' म्हणायला तोंड उघडलं तर आई गं निघालं. चांगलं मोठं.
मॅडमनी लगेच सोडलं. अंगठा चाटला. नियमाप्रमाणे खेळ थांबवला. पण आवाज थांबेना. बाथरूममध्ये सराव केला होता त्याचा परिणाम असावा. डोळ्यांनाही त्रास झाला. मॅडम पलंगाखाली जातील असं वाटलं, तर मांडीवर येऊन बसल्या. बरंच वजन आहे.
वहिनींनी दार वाजवलं. भावोजी, काय झालं. दार न उघडता सांगितलं की प्रशिक्षण चालू आहे. त्या म्हणाल्या, कुत्रीचं? म्हटलं, हो.
वहिनी म्हणाल्या, बरं, चहा ठेवते, आटोपलं की या.
आटोपायला दुपार झाली. चहा पार गार झाला होता. वहिनींनी तोच गरम करून दिला.