डोंगराकडची भिंत

२१ जुलै २००६, घोटावडे
आज पुन्हा दम. सकाळी अंथरूण झटकलं आणि छातीत घरघर सुरू. ओट्याला धरून खालीच बसले. सचिन बूट घालत होता. म्हणाला, "माहेरी हिंगोलीला कधी झालं होतं का तुला? मनावर घेतेस फार." हिंजवडीच्या ऑफिसची कॅब आली, गेला. लग्नाला वर्ष नाही झालं अजून.

२५ जुलै
पिरंगुटच्या डॉक्टरीणबाईंनी घरात ओल कुठे आहे विचारलं. "बुरशीची ॲलर्जी वाटते. नुसत्या औषधानं भागणार नाही, ती खोली सोडा." दम लागला की तोंडात ओढायचा पंप दिलाय.
घरी येऊन कपाट ओढलं. मागची, डोंगराकडची भिंत काळीकुट्ट, वर हिरवट लव. कपाटातल्या लग्नाच्या शालूलाही लागलीय.

२६ जुलै
सचिनला भिंत दाखवली. घासणी घेऊन खरवडायला लागला. मी दारात उभी, तरी श्वास आत जाईना. ओठ निळे पडले म्हणे. घरमालक तात्यांनी त्यांच्या जीपमधून नेलं, दवाखान्यात वाफ दिली. परत येताना सचिन मनावर घेतेस, हे पुन्हा म्हणाला नाही.

३० जुलै
सचिन तात्यांकडे वरची खोली मागायला गेला. कोरडी आहे, रिकामी आहे.
"ती पावण्यांना लागती. आन् पावसात समद्यांच्याच भिंतीला वल येती. रंग मारून देतो."
मारलासुद्धा. बुरशीवरूनच.

५ ऑगस्ट
रंगातून काळे ठिपके वर आले. सकाळपासून दोनदा दम. दुसऱ्यांदा वाटलं, आता नाही.
सचिननं हातोडा घेतला. गिलाव्याचे पोपडे धडाधड खाली. तात्या फावड्याचा दांडा घेऊनच आत आले, "माझं घर फोडतूस व्हय रं?" पहिला फटका सचिनच्या खांद्यावर. त्यानं तात्यांची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आपटलं. तात्यांची बायको, काकू, मधे पडल्या. तात्यांच्या दांड्याचा दुसरा फटका काकूंच्या कपाळावर. रक्त डोळ्यांत, पदरावर. मला ओरडायचं होतं. धूळ घशात, आवाजच फुटेना.

६ ऑगस्ट
सचिनचा खांदा निखळलाय. काकूंना टाके. तात्यांनी पौडच्या पोलीस चौकीत तक्रार दिली, सचिननं हातोड्यानं काकूंचं डोकं फोडलं म्हणून. पोलीस काकूंचा जबाब घ्यायला येणार.

९ ऑगस्ट
काकू आल्या. तात्या पौडला गेलेत. उंबऱ्यावर टेकल्या. त्यांच्या छातीतली शिट्टी मला इथवर ऐकू येत होती. तीच डोंगराकडची भिंत पुढे त्यांच्या खोलीत जाते, आज लक्षात आलं.
"मलाबी दर पावसाळ्यात हुतंय ह्ये. आमचं ह्ये म्हणत्यात, कामाचा कटाळा हाय."
मी विचारलं, "पोलिसांना काय सांगणार, काकू?"
"काय झालं त्येच."
मग कमरेची किल्ली काढली, वरची खोली उघडली. "सामान हलवा. मीबी हितंच निजनार."
सचिनचा एक हात गळ्यातल्या झोळीत. काकू आणि मी गाद्या वर नेल्या, थांबत थांबत.
आत्ता जीप आली. खाली तात्यांचा आवाज चढलाय. काकू जिन्यात मधोमध बसल्यात. "वर येऊ नगा," म्हणतायत. सचिन एका हातानं दार धरून उभा आहे. तात्या पायऱ्या चढायला लागलेत. काकू जागच्या हलत नाहीत.