मायरामचं वाक्य

बिश्केक, मार्चअखेर

प्रिय मायराम,

ताईचे भरभरून आशीर्वाद. बाबांना नमस्कार सांग आणि करड्या घोडीच्या मानेवरून माझ्या वतीने हात फिरव.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे. तू दही वाळवून केलेल्या कुरूतच्या खारट गोळ्या मैत्रिणींनी एका बैठकीत फस्त केल्या. बाबांचा गुडघा कसा आहे? फोनवर तू दमलेली वाटलीस. वेळेवर जेवतेस ना?

इंग्रजीचे अवघड शब्द आता बरे पाठ होतात. परवा बाईंनी ‘रिलिंक्विश’ शिकवला. म्हणजे आपल्या हक्काचं आपणहून सोडून देणं. मी वाक्य तुझंच केलं: माझ्या बहिणीने माझ्यासाठी शिक्षण सोडलं.

बाई म्हणाल्या, “आपणहून सोडलं, की सोडावं लागलं? सोडावं लागलं असेल तर हा शब्द चालणार नाही, बुरूल.”

“आपणहून, बाई.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मान वर करवेना.

आई गेल्यावर बाबा म्हणाले होते, “घरी एकजण लागेल.” मी तर बॅग भरून बसले होते. तुला कुणी विचारलंच नाही, मायराम. मीसुद्धा नाही. तू गुपचूप चहा ओतत राहिलीस आणि आम्ही तो होकार समजलो.

आज बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “वाक्य मागाहून सुधारू. आधी तिला विचार.”

जूनमध्ये माझी परीक्षा संपते. पुढे बाबांजवळ मी राहू शकते. सप्टेंबरात इथे नवा वर्ग सुरू होतो.

तुला यायचंय का? माझं मन राखू नकोस. तुला काय हवंय तेच लिही.

वाट बघणारी,
तुझी बुरूल