घोरा की घोर

१२ जाने., सोम.
आईच्या गाण्यांचं प्रूफ आलं. मोहने गावात आम्हा आगऱ्यांकडे लग्न निघालं की धवले गायला आईलाच बोलावतात. मी ते रेकॉर्ड करून, उतरवून डोंबिवलीच्या मंडळाला दिलेले. पुस्तक काढतायत. संपादक सरांनी पानं लालेलाल केलीत. 'हलद' खोडून हळद. 'लुगरा' खोडून लुगडे. लुगडे! आई जन्मात नाही म्हणायची. वर ऐटीत लिहिलंय, 'पाठसंशोधन'.

१३ जाने.
कहर. आई गाते, "घोरा आयला दारान, नवरी उभी मांडवान." घोरा म्हणजे नवरदेवाचा घोडा. सरांनी केलं, "घोर आला दारात." घोड्याची चिंता केली! लग्नाच्या गाण्यात! आणि हा म्हणे विद्वान.

१५ जाने., गुरु.
हाफ डे टाकून डोंबिवलीला सरांकडे गेलेले.
"संशोधन म्हणजे रिसर्च ना सर? मग केलात कुठे?"
"मूळ अर्थ बघा. सम् अधिक शुध्. नीट शुद्ध करणे. शोध हा शब्दही त्याच धातूचा. शोधणं हा अर्थ मागाहून आला."
म्हणजे आधी धुवायचं, मग हाताला काय लागतंय ते बघायचं. छान.
"आईच्या गाण्यात घाण काय होती?"
"घाण नाही हो. अशुद्ध."
चहा तसाच ठेवून उठले. घोड्याचं सांगितलं, तर म्हणे विचार करतो.

१८ जाने., रवि.
गंमत म्हणून आईला सरांची ती ओळ वाचून दाखवली. वाटलं, पोट धरून हसेल. हसली नाही. परत वाचायला लावली.
"खोटा काय हाय गो त्यान? मना तवा घोरच व्हता. तुज्या बापाला बगितला पन नव्हता."
एवढ्या मांडवांत गायली, हे कधी बोलली नाही. मीही कधी... बाबा बाहेर पेपर वाचत होते. ऐकलं असेल?
सरांचा आणखीच राग आला. कळत काही नाही, आणि नेमकं तिथेच बोट.

२० जाने., मंगळ.
सरांचा फोन. पहिल्यांदाच नरम. "तुमचं बरोबर होतं, ताई. उद्या छपाईला जातंय. घोडा करू ना?"
आईला विचारलं, घोरा ठेवू की घोर? बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू शिकलेली. तूच सांग."
'घोडा नाही, घोरा' असं टाईप केलंय. पाठवलं नाही अजून.