वॉर्डाची ताई

प्रिय घुमे,

तुझं घरचं नाव घुमी आहे, असं वॉर्डात कुणाला सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील. सभागृहात तू बोलायला उठलीस की भले भले अधिकारी पाण्याचा ग्लास जवळ ओढतात म्हणे. लहानपणी मात्र तुला दुकानात साधी पेन्सिल मागायचीही लाज. मागून माझा फ्रॉक ओढायचीस, कानात कुजबुजायचीस आणि मी मोठ्याने मागायचे. शाळेत बाईंनी काही विचारलं की थेट माझ्या वर्गात पळत यायचीस. “ताई” एवढा एकच शब्द तुला धड बोलता यायचा.

तुझं तोंड उघडलं ते गल्लीतली पाण्याची पाइपलाइन फुटली तेव्हा. इंजिनिअरसाहेब गाडीची काच खाली करेनात, तर तू बोनेटवर रिकामी बादली आपटलीस. मी शेजारीच उभी होते, तुझी ओढणी मागे ओढत. संध्याकाळी पाणी आलं आणि बायका तुला ताई म्हणायला लागल्या. मला तेव्हा कौतुकच वाटलं. तुझ्या निवडणुकीत दारोदार फिरून मी घसा बसवून घेतला. दुसऱ्यांदा निवडून आलीस, पाणी समितीची सभापती झालीस, तेव्हाही मी ऑफिसभर मिरवलं.

मग वाचनालयाचं उद्घाटन आलं. मागून कुणीतरी “ताई!” म्हणून हाक मारली आणि मी सवयीने हसत वळले. त्या बाई माझ्या खांद्यावरून तुझ्याकडे बघत होत्या. “जरा सरकता का?” म्हणाल्या. सरकले. घरी येऊन तुझ्या भावोजींवर उगाच खेकसले.

गेल्या महिन्यात आमच्या दारातलं गटार तुंबलं, म्हणून तुझ्या ऑफिसात फोन केला. म्हटलं, ताई बोलतेय. तुझा तो सहायक म्हणतो कसा, “ताई तर माझ्यासमोर बसल्यात. तुम्ही कोण?” मागे तुझं खळखळून हसणं ऐकू आलं. फोन घेतलास आणि म्हणालीस, “अगं, तू होय!” ताई म्हणाली नाहीस. चार लोकांत म्हणायचं जिवावर आलं असेल. गटार लगेच साफ झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जळते मी तुझ्यावर, घुमे. खुर्चीवर नाही, गाडीवर थोडीशी. माझ्याकडे एकच पद होतं, तेही तू नेलंस.

काल ते औषधदुकानवाले घरी आले, मागच्या वेळी तुझ्याविरुद्ध पडलेले. मला वाटलं, वर्गणी मागतील. चहा प्यायले आणि म्हणाले, “ताई, यंदा आमच्याकडून तुम्ही उभ्या राहा.” मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त फ्रिज होता. इतक्या वर्षांनी ती हाक खरंच मला होती गं, आणि मी हो म्हणून बसले. उद्या अर्ज भरतेय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मी पडणार हे तुझ्याइतकंच मलाही ठाऊक आहे. पण प्रचारात तुला माझ्याविरुद्ध बोलावं लागेल, आणि बोलायचं तर आधी माझा उल्लेख करावा लागेल. भर सभेत मला काय म्हणतेस, ते ऐकायला मी पहिल्या रांगेत येऊन बसणार आहे.

तुझीच,
पहिली ताई