घरगुती कारण

डिकोरा, ११ जानेवारी

गॉर्डनराव यांस एल्डनचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात मानेपर्यंतच).

तुमची कंबर आणि बार्बवहिनींचा कुत्रा, दोघेही एव्हाना हिंडूफिरू लागले असतील. पाठकोऱ्या कागदांबद्दल क्षमा असावी. मार्लिसच्या रद्दीतले आहेत.

तुम्ही निवृत्त न्यायाधीश, म्हणून तक्रार तुमच्याकडे. माझी लाल पेन्सिल मंगळवारपासून जप्त आहे. नोटीस नाही, पंचनामा नाही. जप्ती करणारी व्यक्ती तुमची धाकटी बहीण मार्लिस.

प्रकरण असं. पन्नासाव्या वर्षी मार्लिस कायद्याच्या कॉलेजात अर्ज करते आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अर्जासोबत तीन निबंध ‘ऐच्छिक’ आहेत. आमच्या (मी जन्मभर वर्गात शिकवत आलो त्या) मीमांसकांनी काही कर्मं अशी सांगितली आहेत की केली तर पुण्य नाही, पण टाळली तर पाप मात्र नक्की. ऐच्छिक निबंध याच जातीचे, हे मी तिला तासभर समजावलं. (ती भांडी विसळत होती. नळ सोडलेला होता.)

पहिला निबंध, आमचंच कॉलेज का? तिने लिहिलं, ‘तीस मैलांवर आहे आणि त्या रस्त्यावरचा बर्फ लवकर काढतात.’ दुसरा, तुमचं वेगळेपण काय? चोवीस वर्षं तिने कोर्टात लघुलेखिका म्हणून लोकांचा शब्दन् शब्द टिपला, स्वतःचा एकही घातला नाही. त्यामुळे हात सवयीनेच चालला: ‘प्रश्न: आपलं वेगळेपण सांगा. उत्तर: (साक्षीदार खांदे उडवते.)’ दोन्ही मी दुरुस्त केले, तिने मुकाट करू दिले.

तिसरा असा: पूर्वी प्रवेश मिळूनही गेला नसाल तर, इच्छा असल्यास, कारण सांगा. जागा अर्धं पान. तिने दोनच शब्द लिहिले होते: ‘घरगुती कारण.’ यावर मी लाल रेघ मारली आणि हा निबंध मुळीच पाठवू नये, असं प्रतिपादन केलं. संदिग्धतेचा दोष सांगितला, अनावश्यकतेचा सांगितला, सूत्रकारांची साक्ष काढली. तिने हात पुसले.

“एल्डन, तू इतका वेळ बोलतोयस म्हणजे काहीतरी लपवतोयस. साक्षीदार ऐकण्यात जन्म गेला माझा. आण ती पेन्सिल इकडे.”

बाकी सर्व क्षेम. चार दिवसांचं कॅसरोल (ओव्हनमधली भाजी-चीजची खिचडीच) उरलं आहे आणि पेन्सिलीअभावी ते मी भांड्यावर शाईने खुणा करत संपवतो आहे.

आपला मेहुणा,
एल्डन

ता. क. रविवारी ती तुम्हाला फोन करून तिसऱ्या निबंधाबद्दल विचारणार आहे. वगळ म्हणून सांगा. तुमचं ऐकते.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजावा. पाकिटात घालण्यासाठी कागद क्रमाने लावताना ते उलटले. हे तिसऱ्या निबंधाचेच मसुदे निघाले. चारही पूर्ण अर्ध्या पानाचे. प्रत्येकात एकच वाक्य तिने खोडलं आहे: ‘त्या वसंतात माझ्या पतीला नोकरी लागली.’ लोकांच्या शिव्यासुद्धा कधी न गाळणाऱ्या बाईने मला गाळलं. आता तुम्हीही उलटून पाहालच.

१९९९ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर मी तुम्हाला सांगितलं होतं की मार्लिसचं मन बदललं. ते बदललं नव्हतं. मला संस्कृत शिकवायची वर्षभराची नेमणूक मिळाली होती, वर्गात विद्यार्थी चार. एक वर्ष थांब, असं मी म्हणालो. पुढच्या वर्षी तिने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

तिला सांगा, ते वाक्य परत घाल, एल्डनच्या नावासकट. मीच सांगायला हवं, पण सव्वीस वर्षांत मला ते एकदाही जमलेलं नाही. आता ऐकून ती नुसतीच मान हलवेल आणि भांडी विसळायला लागेल, याची मला भीती वाटते.