चुना नाही

जळगाव
५ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप नानांस,
हेमांगीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमच्या कानांनी चाळीस वर्षं डिझेल इंजिनं ऐकली आणि आता ते फोनवर माणसाचं काही ऐकायला तयार नाहीत, म्हणून हे पत्र. परवा मी पंधरा मिनिटं जीव तोडून बोलले आणि शेवटी तुम्ही विचारलंत, की तिकडे पाऊस कसा आहे. मी पावसाचा शब्दही काढला नव्हता. तेव्हा आता सावकाश, चष्मा लावून वाचा.

अप्पांशिवायची पहिली दिवाळी गेली. जामनेरच्या घरी आईने दारात दोन पणत्या लावल्या, फराळ केला नाही. भूषण भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी पिकअप घेऊन बाजाराला निघाला. आता घर त्या गाडीवर आणि त्याच्यावर आहे, हे त्याला सांगावं लागत नाही.

माझं एक काम आहे. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्षभर सरकीच्या तेलापासून बायोडिझेल बनवते आहे. तेल अमळनेरहून आणते, त्यातलं चिकट ग्लिसरीन वेगळं काढते, उरलेलं धुऊन तपासते. आता खरी परीक्षा गाडीत. नव्या गाड्यांच्या नाजूक पंपाला ते कितपत मानवेल याची मलाच खात्री नाही, पण आपली जुनी पिकअप दणकट आहे. एक भाग माझं तेल, तीन भाग डिझेल, एवढंच घालायचं. भूषण तयार आहे. आई मात्र अडून बसली आहे. तिचं म्हणणं, याच तेलाने तुझ्या बापाचं इंजिन खाल्लं, आता पोराचं पोट खाऊ नका. शेवटी एवढ्यावर आली, की नाना थोरले दीर, ते हो म्हणाले तर माझी ना नाही.

नाना, शाळेत मला भजीवाल्याची पोरगी म्हणायचे. अप्पांनी गाडीत सरकीचं तेल घातलं आणि इंजिन बसलं, ही गोष्ट जामनेरात सगळ्यांना पाठ आहे. त्यांचा विचार वेडेपणाचा नव्हता, हे मला एकदा त्याच गाडीने त्याच लोकांसमोर दाखवायचं आहे. तुमच्या एका होकारावर अडलं आहे.

जीव लावता तसाच लावत राहा, आणि उत्तर पोस्टात टाकायला विसरू नका.

आपली,
हेमांगी


देवपूर, धुळे
१३ नोव्हेंबर २०२४

चि. हेमांगीस,
नानाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून वाटलं, की डॉक्टर व्हायची होतीस आणि चुकून प्रयोगशाळेत गेलीस. तरी वाचलं, दोनदा वाचलं.

इकडची गंमत सांगतो. मागच्या आठवड्यात एक जण नवी कोरी पिकअप घेऊन घाबराघुबरा आला. पांझरेच्या पुलाजवळ गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद पडतं म्हणाला. मला ते बंद पडलेलं ऐकूही येत नव्हतं, मी बॉनेटवर हात ठेवून बघत होतो. तासभर वायरी तपासल्या, बॅटरी काढून पुन्हा लावली. मग त्याच्या गाडीचं पुस्तक चाळलं, तर ती खोड नव्हती, सोय होती. थांबल्यावर डिझेल वाया जाऊ नये म्हणून इंजिन स्वतःच झोपतं आणि क्लच दाबला की उठतं. मी त्याला म्हटलं, तुझी गाडी तुझ्यापेक्षा शहाणी आहे. तो गेल्यावर लक्षात आलं, माझ्यापेक्षाही.

सांगायचा मुद्दा असा, की इंधन वाचवायचं काम आता कंपन्या करतात. सीएनजी आलं, बॅटरीवरचे टेम्पो आले. तू कशाला सरकीच्या मागे लागतेस? तुझ्या तेलाला माझा होकार नाही. पितांबरचं इंजिन त्या तेलानेच गेलं. मी स्वतः बघितलं आहे. यावर पुन्हा विचारू नकोस.

कमलबाईंना नमस्कार, भूषणला सांग की टायरमधली हवा तपासत जा. घरच्यांवर आमचा जीव आहे, तुमचाही असू द्यावा.

तुझा,
कौतिक नाना


जळगाव
२५ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि विषय संपला. मी चिडले, खोटं कशाला बोलू. पुन्हा विचारू नकोस असं तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात. लहानपणी मी कार्बोरेटर म्हणजे काय हे दहादा विचारलं होतं आणि तुम्ही दहादा सांगितलं होतं.

तेलाचं विचारत नाही. दुसरंच विचारते. रविवारी जामनेरला गेले, तेव्हा आईने अप्पांचं कपाट आवरायला घेतलं. एका बिस्किटाच्या डब्यात त्यांची वही निघाली. सरकीच्या तेलाची सगळी टिपणं आहेत. थंडीत तेल घट्ट होतं म्हणून रेडिएटरच्या गरम पाण्याची नळी तेलाच्या नळीभोवती गुंडाळायची, असं चित्रसुद्धा काढलं आहे. नाना, ते बरोबर आहे. आजही लोक तसंच करतात. अप्पा सातवी शिकलेले होते.

वहीखाली कागदात गुंडाळलेला एक जाड बोल्ट होता. भूषणने बघताच सांगितलं, की इंजिनच्या खाली ऑईल चेंबरला असतो तो. जुनं ऑईल सोडायचं तर हाच काढतात. कागदावर अप्पांच्या अक्षरात एवढंच आहे: १४ जानेवारी २००६. पारोळ्याच्या अलीकडे, गाडीपासून मागे चालत गेल्यावर रस्त्यात सापडला. चुना नाही.

चुना नाही म्हणजे काय? अप्पा तंबाखू खात नव्हते. आईला ठाऊक नाही. अठरा वर्षं त्यांनी हा बोल्ट का जपला असेल, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

रागावले आहे, तरी तुमचीच आहे, हे ध्यानात असू द्या.

हेमांगी


देवपूर, धुळे
१० डिसेंबर २०२४

चि. हेमांगीस,
आशीर्वाद. आज ते द्यायचा हात मला आहे का, हे तू पत्र वाचून ठरव.

दहा दिवस तुझं पत्र गादीखाली ठेवून झोपलो. तिसऱ्यांदा लिहितो आहे, आधीचे दोन कागद फाडले.

चुना माझा. माझे उस्ताद हाशमभाई तंबाखू खायचे. त्यांनी मला शिकवलं, की पान्याने बोल्ट पक्का आवळला की त्यावर चुन्याचं बोट लावायचं. मग खाली वाकून बघितलं की कळतं, कोणता आवळला आणि कोणता राहिला. चुना दिसला तर झालं, नाही दिसला तर पान्याला हात घालायचा. मी तंबाखू कधीच सोडली, चुन्याची डबी अजून खिशात असते. पितांबरला ही खूण ठाऊक होती. तो लहानपणापासून माझ्या शेजारी बसून पाने द्यायचा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो सरकीचं तेल घेऊन माझ्याकडे आला. गाडीचं ऑईल बदलून दे, उद्या डिझेलमध्ये चौथा हिस्सा हे तेल घालून धुळ्याहून जामनेरपर्यंत जाऊन दाखवतो म्हणाला. उस्तादांना सोडून माझं स्वतःचं गॅरेज टाकून तेव्हा सहा महिने झाले होते. गाडीखाली पडल्या पडल्याच मी त्याच्याशी भांडलो. माझ्या गॅरेजातून असली गाडी निघाली तर लोक हसतील असं म्हणालो. तो ऐकेना. मी चिडून पाना फेकला आणि चहाला गेलो. चेंबरचा बोल्ट तेव्हा नुसता हाताने फिरवून बसवलेला होता. परत आल्यावर बाकीचं उरकलं, ऑईल भरलं. वाकून बघितलं नाही. आयुष्यात तेवढ्या एका गाडीखाली वाकून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, की पारोळ्याजवळ इंजिन जाम झालं. मी गेलो, खाली शिरलो. बोल्टाच्या जागी भोक होतं. सगळं ऑईल रस्त्यावर गळून गेलं होतं. ऑईल संपलं की पेटणारा दिवा आधीच उडालेला, त्याला कळणार कसं? इंजिन कोरडं चाललं आणि मेलं. चौथा हिस्सा सरकीच्या तेलाने एका खेपेत इंजिन मरत नाही, हे मला तेव्हाही समजत होतं.

पेटीत जुना बोल्ट होता. मी तो बसवला, आवळला, वर चुनासुद्धा लावला. बाहेर आलो तर पंधरा-वीस माणसं जमलेली. पितांबर माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, एक हात खिशात. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, की गाडीला सरकीचं तेल पाजलंस ना, आता बस भजी तळत. माणसं हसली, आणि तो बोल जामनेरपर्यंत पोचला. ते नाव मी ठेवलं, हेमांगी. तुला शाळेत ज्या नावाने चिडवलं, ते माझ्या तोंडून निघालेलं आहे.

आता तुझ्या पत्रावरून कळतं, की त्याच्या खिशात काय होतं. तो माझ्या बोलण्याची वाट बघत होता. त्याने तिथेच खिशातून बोल्ट काढून दाखवला असता, तर माझ्या गॅरेजकडे पुन्हा कोणी फिरकलं नसतं. त्याने तो दाखवला नाही. पुढे ते मेलेलं इंजिन बोअर करून दुरुस्त करायलाही माझ्याकडेच आणलं.

मागच्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलं. आता खरं लिहितो. तेल घाल. फिल्टर लवकर बदलत जा, सुरुवातीला कचरा सुटेल. बाकी त्या गाडीला काही होत नाही. हे कमलबाईंना वाचून दाखव, पूर्ण वाचून दाखव.

माया ठेव असं लिहायला आज तोंड नाही.

कौतिक


जळगाव
५ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप नानांस,
नमस्कार वि. वि.

पत्र आईला पूर्ण वाचून दाखवलं. मग तिने मला विचारलं, की दर संक्रांतीला तुम्ही तिळगूळ घेऊन यायचात, तेव्हा अप्पा काय करायचे ते आठवतं का. मला आठवलं. तुम्हाला कपाटाजवळच्या खाटेवर बसवायचे आणि आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवायचे. आई म्हणाली, ते दरवर्षी तिला आत चहा टाकायला सांगायचे आणि म्हणायचे, यंदा नानांना काहीतरी बोलायचं आहे, मध्ये येऊ नका. तिला वाटायचं भावाभावांचं काही शेतीचं असेल.

मी रागावले आहे, नाना. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून राग जाईल असं वाटलं होतं, तो वाढला. अप्पा असताना तुम्ही हे एका वाक्यात सांगू शकला असतात. बोल्टाचं सोडा, बोल्ट कोणाकडूनही राहतो.

आता गाडीचं. आईने होकार दिला. २८ डिसेंबरला भूषणने केळी भरून जामनेर ते जळगाव पहिली खेप केली, मी शेजारी बसले होते. गाडी नेहमीसारखी चालली. उतरल्यावर मागे गेलो तर धुराला तळणीचा हलका वास येत होता. भूषण म्हणाला, ताई, भजी. आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून हसलो आणि मग मला रडू आलं.

त्या खेपेआधी ऑईल बदललं, तेव्हा अप्पांचा बोल्ट भूषणने गाडीला बसवला. पान्याने पक्का आवळला आहे. चुना लावलेला नाही. लावणारे तुम्हीच, असं आईचं म्हणणं आहे. माझं काही म्हणणं नाही, पण या संक्रांतीला आलात तर मी आतून कडी लावणार नाही.

आपली,
हेमांगी


देवपूर, धुळे
१४ जानेवारी २०२५

चि. पितांबरास,
थोरल्या भावाचे आशीर्वाद.

चि. लिहून हात थांबला. गेलेल्या माणसाला चिरंजीव लिहीत नाहीत. पण मी तुला दुसरं काही कधी लिहिलेलं नाही आणि आता लिहिणारही नाही.

आज अकराच्या एसटीने जामनेरला निघतो आहे. तिळगूळ घेतला, चुन्याची डबी घेतली. एक बोट लावायचं राहिलं आहे. हा कागद हेमांगीकडे देईन, ती तुझ्या डब्यात ठेवील. तिला वाटलं तर ठेवील.

अठरा संक्रांती तू मला एकट्याला खाटेवर बसवलंस. दार लोटून घेतलंस आणि माझ्याकडे बघत राहिलास. आणि मी दर वेळी तुला विचारलं, की तिकडे यंदा पाऊस कसा झाला. तू दर वेळी नीट सांगितलंस, किती झाला आणि कुठे कमी पडला.

आपण दोघं आपसात अहिराणीच बोलायचो, म्हणून दोष सगळा माझा, हे जे तेव्हा बोलायचं होतं, ते त्याच बोलीत लिहितो. पितांबर, बठ्ठी चूक मनी शे.

तुझा,
कौतिक